उजव्या बाहीचे देणे

पणजोबा खोगीरवाले. त्यांनी आयुष्यभर घोड्यांची खोगिरे शिवली, आणि त्यांचा टाका दाताने ओढला तरी उसवत नसे. आजोबा तंबूवाले. वादळात सगळ्यांचे तंबू उडाले तरी यांचा तेवढा उभा राही, असे लोक सांगत. लोकांचे निम्मेच खरे मानले, तरी तेही काही कमी नाही. वडील कोटवाले, म्हणजे थोरले मास्तर. त्यांनी शिवलेला कोट अंगात घातला की वाकडा माणूससुद्धा ताठ चालू लागे. आणि त्यांच्या पोटी आले ते आपले धाकटे मास्तर. आज त्यांचे वय शहात्तर आहे, डोक्यावर काळा केस औषधालाही सापडायचा नाही. पण नाव एकदा पडले की पडले. गल्ली त्यांना अजून धाकटे मास्तरच म्हणते.

या चार पिढ्यांत घरच्या कात्रीला मान खाली घालावी लागली ती एकदाच. चूक धाकट्या मास्तरांची. वय चोवीस, वार मंगळवार, कारण एक मुलगी. त्याच मुलीशी पुढे त्यांनी एक्कावन्न वर्षे संसार केला. तीन आठवड्यांपूर्वी ती गेली.

येत्या रविवारी तिच्या आठवणीसाठी माणसे जमणार होती. त्यानंतर दुकानाला कुलूप लावायचे आणि मास्तरांनी मुलाकडे राहायला जायचे, असेही ठरले होते. ठरवणाऱ्यांनी मास्तरांना विचारले होते, आणि मास्तरांनी मान हलवली होती. होकाराची की नकाराची, हे कोणी नीट पाहिले नाही.

बुधवारी सकाळी नात दुकानात आली. कापायच्या लांब टेबलावर कोपर टेकून उभी राहिली.

"आजोबा, बाबा विचारतायत, रविवारी तुम्ही चार शब्द बोलणार ना?"

"नाही."

"का?"

"मी तिचं देणं लागतो. देणेकऱ्यानं चारचौघांत तोंड वर करून बोलू नये."

नात आजीवर गेली होती. तिने हळहळ वगैरे काही केली नाही. सरळ विचारले, "किती?"

"एक बाही."

दोघांची नजर एकदमच कोपऱ्याकडे गेली. तिथे लाकडी पुतळ्यावर एक निळा कोट वर्षानुवर्षे उभा होता. कॉलर होती, खिसे होते, अस्तर होते, बटणे होती, डावी बाही होती. उजवीकडे मात्र बाही जोडायचा नुसता उघडा मुंढा, आणि त्याच्या कडेने पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका.

"मला लहानपणी वाटायचं, पुतळ्याला एकच हात आहे म्हणून," नात म्हणाली.

"बैस," मास्तर म्हणाले. "आजीनं तुला सांगितलं असेल ते सोडून दे. ती स्वतःच्या बाजूनं सांगायची."

*

त्या मंगळवारचा पाऊस कोणाला सांगून आला नव्हता. थोरले मास्तर बटणे आणायला परगावी गेले होते आणि दुकान चार दिवस धाकट्याच्या हाती होते. एक मुलगी छातीशी कागदाचे पुडके धरून धावत आली आणि दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिली. दुकानात यायचा तिचा मुळीच विचार नव्हता. ती चौकातल्या दुसऱ्या शिंप्याकडे निघाली होती, हे तिने पुढे आयुष्यभर, विशेषतः भांडणात, ऐकवले.

पत्र्याला गळती होती. पुडक्यावर एक थेंब पडला, दुसरा पडला.

"आत या," धाकटे मास्तर म्हणाले, "कापड भिजतंय."

"आणि मी भिजतेय त्याचं काय?"

"तुम्ही वाळाल. लोकर आटते."

तिने वळून पाहिले. रागवावे की हसावे, हे ठरवायला तिला जरासा वेळ लागला... तेवढा वेळ पुरला. मास्तरांच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली, आणि टोकाशी दोरा थरथरत राहिला.

पुडक्यात गडद निळे लोकरीचे कापड होते, त्यावर केसाएवढी बारीक तांबूस रेघ. तिच्या वडिलांनी ते नोकरीच्या शेवटच्या दिवशी घेतले होते, आणि स्वतःसाठी शिवायचे राहून वडीलच वारले होते. ज्या गिरणीत ते विणले, ती गिरणीही बंद पडली होती. मुलगी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर फळ्यासमोर बसायचे, या माणसाची तार उचलायची, त्या माणसाच्या नंबराच्या भोकात खोचायची. तिथे थंडी फार, म्हणून कोट हवा होता.

बायकांचे माप घेताना फितीचे टोक त्यांच्याच हाती द्यावे, अशी थोरल्या मास्तरांची शिस्त होती. तिने टोक खांद्यावर धरले.

"उजवा हात पुढे करा."

तिने हात पुढे केला. वर, तिरपा, बोटे चिमटीत. जणू हवेत काहीतरी खोचायचे आहे.

"असा कुणाचा हात असतो?"

"माझा. रोज आठ तास," ती म्हणाली. "म्हणून तर सांगते, डावी बाही कशीही करा, उजवी नीट हवी. माझा सगळा संसार उजव्या हातावर आहे."

मास्तरांनी माप घेतले. मग पुन्हा घेतले. तिसऱ्यांदा फीत उचलली, तेव्हा ती म्हणाली, "आता का?"

"खात्री केलेली बरी."

"मधल्या वेळात हात वाढला असेल, म्हणून?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. फीत गळ्यात टाकून त्यांनी कापड मोजले आणि कपाळाला आठी घातली. "हे थोडं कमी पडतंय. आणखी आहे का घरी?"

तिने पावसाकडे पाहिले. "तेवढंच आहे," ती म्हणाली.

आता, कोटाच्या बाह्या बेतायची रीत आहे. कापड दुहेरी घालावे, वर कागदाचा साचा ठेवावा आणि एकदाच कात्री चालवावी. एक डावी, एक उजवी, अशी जोडी आपोआप निघते. पण कापड अपुरे असले की ते एकेरी पसरून, जागा साधत, एकेक बाही वेगळी कापावी लागते. पहिल्या वेळी साचा सुलटा ठेवायचा आणि दुसऱ्या वेळी उलटायचा. तो उलटायचा राहिला, तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. कापड आतबाहेर करूनही भागत नाही, कारण लोकरीला चेहरा असतो आणि पाठ असते, आणि पाठ दाखवत कोणी रस्त्याने हिंडत नाही.

हे सारे धाकट्या मास्तरांना दहाव्या वर्षापासून पाठ होते. पण त्या दिवशी कात्री टेबलावर होती आणि मन पत्र्याखाली उभे होते.

थोरले मास्तर परत आले. त्यांनी बटणांची पेटी खाली ठेवली आणि टेबलावरच्या दोन बाह्या उचलून शेजारी शेजारी मांडल्या. एकीकडे पाहिले, दुसरीकडे पाहिले.

"कुणाचा कोट?"

"टेलिफोनमधल्या एका बाईंचा."

"दोन्ही हात डावे आहेत का त्यांना?"

धाकट्यांनी खाली पाहिले. दोन्ही बाह्या डाव्याच होत्या.

"तुझ्या पणजोबांनी एवढी खोगिरं शिवली," थोरले मास्तर शांतपणे म्हणाले, "पण कधी एका घोड्यानं तक्रार केली नाही. जा. स्वतःच्या तोंडानं सांग."

शेजारच्या औषधाच्या दुकानात टेलिफोन होता. मास्तरांनी तो उचलला, आणि पलीकडून तोच आवाज आला.

"नंबर सांगा."

"नंबर नाही... कोटाबद्दल बोलायचं होतं."

"कोट कोणत्या नंबरवर आहे?"

"मी धाकटा मास्तर. तुमच्या उजव्या बाहीचं जरा..."

"झाली तयार?"

"झाली. पण ती डावी झाली."

 मग ती म्हणाली, "लाइन धरू नका. संध्याकाळी येते."

संध्याकाळी ती आली. थोरले मास्तर मुद्दाम मागच्या खोलीत जाऊन बसले, आणि मागच्या खोलीत जाऊन जेवढे ऐकता येते तेवढे सगळे त्यांनी ऐकले. तिने दुसरी डावी बाही उजव्या हातात चढवली. कोपराचा फुगवटा पुढे आला. ती हात वळवू लागली तशी बाही पाठीकडे ओढू लागली. धाकटे मास्तर बोलणी खाण्याच्या तयारीने उभे होते. पण ती हसायला लागली, आणि अशी हसली की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"या बाहीनं मी तार खोचली," ती डोळे पुसत म्हणाली, "तर बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईल."

"मी असंच कापड शोधून आणीन. कुठूनही."

"कधी?"

"शनिवारपर्यंत."

"लिहून द्या."

मास्तरांनी दुकानाच्या पावतीवर लिहिले: *उजवी बाही एक. देणे.* खाली सही केली. तिने पावती वाचली, घडी घातली, आणि पिशवीत अशी ठेवली जशी बाकीच्या मुली फूल ठेवतात. निदान मास्तरांना तरी तसे वाटले.

*

शनिवारी ती आली. कापड मिळाले नव्हते. पुढच्या शनिवारी आली. मास्तरांनी तीन गावे फिरून चार तुकडे आणले होते. तिने एकेक तुकडा उजेडात धरला.

"हा निळा झोपेतून उठल्यासारखा आहे. हा शाळेत जाणारा निळा आहे. आणि हा निळाच नाही, हा निळ्याचा मावसभाऊ आहे."

"तुम्हाला कापडातलं कळतं बरं."

"आवाजातलं कळतं. कापडही बोलतंच की."

अकरा शनिवार असे गेले. एखाद्या शनिवारी पाऊस असायचा, मग ती थोडी जास्त थांबायची. एखाद्या शनिवारी नसायचा, तरीही थांबायची. बसल्या बसल्या बटणांचे डबे लावून द्यायची. मास्तर काज करायचे आणि ती टेलिफोनवरच्या गमती सांगायची. कोण नवराबायको भांडून एकमेकांच्या तोंडावर फोन आपटतात आणि दहा मिनिटांनी दोघेही एकाच वेळी तोच नंबर मागतात, अशा. नावे मात्र तिने कधी सांगितली नाहीत. मास्तरांना ते फार आवडले.

"घरी काय म्हणतात?" एकदा मास्तरांनी काजावरून नजर न उचलता विचारले. "एका कोटाला इतके दिवस?"

"आई म्हणते, शिंपी आणि मांजर, दोघांसमोर उघडं काही ठेवू नये."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, मांजर निदान दर शनिवारी नवे तुकडे दाखवत बसत नाही."

बाराव्या शनिवारी ती आली तेव्हा हसत नव्हती. हातात सरकारी लिफाफा होता. तिला बढती मिळाली होती आणि बदली झाली होती, दोन दिवसांच्या अंतरावरच्या गावी. बुधवारी निघायचे होते.

आणि नेमके त्याच दिवशी मास्तरांना कापड मिळाले होते. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या माळ्यावरून, धुळीतून. निळा तोच, रेघ तीच. फार तर नखभर जास्त तांबूस. त्यांनी तो तुकडा टेबलावर ठेवला. दोघेही त्याच्याकडे पाहत राहिले.

"मिळालं की," ती म्हणाली.

"मिळालं."

"मग... शिवाल आता."

"शिवू?"

बाहेर बारीक पाऊस पत्र्यावर टिचक्या मारत होता. मास्तरांनी तुकडा उचलून कोटाच्या मुंढ्याशी धरला. चांगला जुळत होता. आंधळ्यालाही दिसावे इतका जुळत होता. पण बाही लागली की कोट पुरा, कोट पुरा झाला की देणे संपले, देणे संपले की शनिवार संपले.

"नाही जुळत," मास्तर म्हणाले. आयुष्यात गिऱ्हाइकाशी बोललेले त्यांचे ते पहिले खोटे.

तिने तुकडा हातात घेतला. उजेडात धरला, कोटाशी लावला, पुन्हा उजेडात धरला.

"अजिबात नाही," ती म्हणाली.

 मागच्या खोलीत थोरले मास्तर खोकले. आपण मध्ये नाही, पण आहोत, एवढे कळवण्यापुरते.

"बदली नाकारता येते," ती लिफाफ्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली. "बढती जाते. आणि कारण लिहून द्यावं लागतं."

"काय लिहाल?"

"लिहीन की... या गावात एकाकडे माझं येणं आहे. ते वसूल होईपर्यंत हलता येत नाही."

"आणि तो बुडवणारा निघाला तर?"

"बुडवणारा नाही. वेंधळा आहे."

मास्तरांनी फीत गळ्यातून काढली, गुंडाळली, पुन्हा उलगडली. "माझ्याकडे तुमची फक्त बाही आहे," ते म्हणाले, "पण तुमची तयारी असेल तर... मी सगळाच देणं लागतो म्हणा."

तिने लिफाफा पिशवीत टाकला आणि बटणांचा डबा पुढे ओढला. "आधी ही पांढरी आणि करडी वेगळी करा," ती म्हणाली. "किती घोळ घालून ठेवलाय."

एवढेच उत्तर. पण त्या घोळातली बटणे दोघांनी मिळून निवडली, आणि निवडता निवडता डब्यात बोटांना बोटे लागली तेव्हा कोणी हात मागे घेतला नाही.

*

"म्हणजे आजीनं बढती सोडली?" नातीने विचारले.

"सोडली. आणि मला कधी ऐकवली नाही. बाही मात्र रोज ऐकवली."

ते खरेच होते. लग्नाच्या दिवशी थोरले मास्तर म्हणाले, "सून आणलीस, बाही नाही आणलीस," आणि तेव्हापासून ती घरातली म्हण झाली. मास्तरांनी आवाज चढवला की ती म्हणे, "आधी माझी बाही, मग तुमचा राग." माळ्यावरचा तो नखभर तांबूस तुकडा तिने थोरल्या मास्तरांच्या टोपीला देऊन टाकला. दुसरा तुकडा शोधू म्हटले तर म्हणे, "आता मला वडिलांच्याच कापडाची हवी." ते तर जगात कुठेच नव्हते.

पुढे एक्स्चेंजमध्ये यंत्रे आली, आणि ऑपरेटर मुलींना घरी पाठवले. ती दोन दिवस घरात बसली. तिसऱ्या दिवशी उजवा हात पुढे करून तिने दुकानातली मापांची वही उचलली. गिऱ्हाइकांची मापे ती पाहून लिही आणि आवाजावरून खोडी. कोण पोट आत ओढून उभा आहे, हे तिला बोलण्यावरून कळायचे.

मुलगा झाला तेव्हा त्या जास्तीच्या डाव्या बाहीत कापूस भरून तिने हत्ती केला. कोपराचा वाक सोंडेला असा बसला की जणू बाही त्यासाठीच चुकली होती. पुढे मुलगी झाली आणि हत्तीवरून दोघा भावंडांत युद्धे झाली. पण मुलांमध्ये आईने कधी डावे-उजवे केले नाही. "ते खातं तुमच्या वडिलांकडे," ती सांगे. हत्ती पुढे नातीकडे आला. नातीला काज शिकवताना आजी म्हणायची, "टाका असा घाल, की बटणाला माहेरी आल्यासारखं वाटलं पाहिजे."

मग तयार कपड्यांची मोठी दुकाने आली. वर्ष-वर्ष कोणी कोट शिवायला येईना. एका दुपारी मास्तरांनी फळी खाली ओढली आणि म्हणाले, "पुरे. बंद करू."

तिने कोपऱ्यातल्या पुतळ्याकडे बोट दाखवले. "दुकान बंद कसं होईल? गिऱ्हाइकाचं काम आत अर्धवट आहे."

फळी पुन्हा वर गेली, ती पंधरा वर्षे वरच राहिली. त्या एका बाहीने दुकान उघडे ठेवले, आणि दुकानाने मास्तरांना उभे.

शेवटच्या आजारात ती बोलायची थांबत आली होती. मास्तर खाटेशी बसून होते. तिने डोळे उघडले आणि उजव्या हाताची बोटे जरा हलली.

"मास्तर... बाही?"

"शनिवारी," मास्तर म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर ती काही बोलली नाही.

"आणि रविवारनंतर कुलूप," मास्तर नातीला म्हणाले. "आता तू सांग, मी तिथं उभा राहून काय बोलू? चांगली होती, म्हणू? ते सगळ्यांना माहीत आहे. तिचं एकच मागणं होतं, ते मी दिलं नाही, हे फक्त मला माहीत आहे."

 जाताना नातीने कोटाच्या रिकाम्या मुंढ्यावरून बोट फिरवले.

*

शनिवारी सकाळी ती परत आली, ती धापा टाकत. रविवारी ठेवायला आजीचा फोटो हवा होता, म्हणून तिने आजीची पेटी उघडली होती. सगळ्यात खाली, जुन्या पांढऱ्या रुमालात बांधलेले एक पुडके सापडले होते.

मास्तरांनी टेबलावर गाठ सोडली. आत गडद निळे लोकरीचे कापड होते. त्यावर केसाएवढी बारीक तांबूस रेघ.

त्यांनी ते हाताने चाचपले. चेहरा पाहिला, पाठ पाहिली. फीत काढून मोजले. हातभर, आणि वर चार बोटे. एका बाहीपुरते.

"आजोबा," नात हळूच म्हणाली, "हे तेच का?"

"तिच्या आईचा नियम होता," मास्तर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच लांबून येत होता. "शिंप्याला सगळं कापड कधी देऊ नये. हातभर घरी ठेवावं."

"म्हणजे त्या पहिल्या शनिवारी आजीकडे कापड होतं?"

"पहिल्या मंगळवारी होतं. मी विचारलं, आणखी आहे का. ती पावसाकडे पाहत म्हणाली, तेवढंच आहे." ते खुर्चीत बसले. "आयुष्यात कुठंही हातचं राखून वागली नाही. राखलं ते एवढंच."

आधी त्यांचे खांदे हलले. नातीला वाटले, आजोबा रडतात. मग तिच्या लक्षात आले की ते हसताहेत. मग तिला काहीच नक्की सांगता येईना, कारण दोन्ही एकाच वेळी चालले होते.

"तीन गावं फिरलो मी," ते म्हणत होते. "भर पावसात. आणि ही बाई बटणं लावत बसायची."

रुमालात तळाशी ती पावतीही होती. *उजवी बाही एक. देणे.* शाई विटली होती. नातीने ती उलटून पाहिली आणि आजोबांच्या हाती दिली. मागच्या बाजूला आजीच्या उभ्या, ठसठशीत अक्षरात दोनच शब्द होते.

*घाई नाही.*

मास्तर उठले. चष्मा पुसला. भिंतीवरच्या खिळ्याला तो जुना साचा अजून टांगलेला होता, कागद पिवळा पडून चामड्यासारखा झालेला. त्यांनी टेबल झटकले, कापड पसरले, साचा ठेवला. आणि हात थांबला. हात थरथरत होते; ते आता नेहमीच थरथरत. कापड एवढेच होते. या वेळी चुकले तर जगात दुसरा तुकडा नव्हता, आणि "घाई नाही" म्हणणारीही नव्हती.

"साचा उलटलात ना?" नातीने विचारले.

मास्तरांनी तिच्याकडे रोखून पाहिले. मग खाली पाहिले. साचा सुलटा होता.

"तुझ्या आजीनं पाठवलंय तुला," ते म्हणाले, आणि त्यांनी साचा उलटला. पुतळ्यावरच्या डाव्या बाहीशी लावून पाहिला, आरशासारखा उलट. तेव्हा कुठे त्यांनी खडू उचलला. "उजवा हात पुढे कर."

नातीने हात पुढे केला. मास्तरांनी फितीचे टोक तिच्या हाती दिले आणि माप घेतले. साच्याच्या मापाशी अर्ध्या बोटाचाही फरक नव्हता. तरी त्यांनी पुन्हा घेतले.

"परत का?"

"विचारायचं नाही."

कात्री एका झपाट्यात चालवायचे दिवस गेले होते. त्यांनी नवशिक्यासारखे लहान लहान घास घेत कापले. नातीने दोन्ही तळव्यांनी कापड दाबून धरले. एका बाहीला दुपार लागली. सुईत दोरा नातीने ओवला, टाके मास्तरांनी घातले. अस्तर बसवले, मुंढ्याचा पांढरा कच्चा टाका एकेक करून उसवला आणि त्या जागी निळा पक्का घातला. मनगटाशी बटणे नातीने लावली. माहेरी आल्यासारखी.

संध्याकाळी कोट पुतळ्यावरून उतरला. पेटीत राहिलेले कापड तसेच गडद होते, आणि कोट उजेडात उभा राहून फिकट झाला होता, त्यामुळे उजवी बाही जरा जास्तच निळी दिसत होती.

"काय म्हणाली असती?" नातीने विचारले.

"म्हणाली असती, कोट म्हातारा आणि हात तरुण, हे काय शिवून आणलंत."

नातीने कोट अंगात घातला. खांद्यावर बसला, पाठीवर बसला. तिने उजवा हात पुढे केला. वर, तिरपा, बोटे चिमटीत. तिला कोणी शिकवले नव्हते. नुसते ऐकले होते तिने, बुधवारी. बाही हाताबरोबर गेली, कुठेही ओढली नाही.

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले.

"असा कुणाचा हात असतो?" ते म्हणाले.

"माझा," नात म्हणाली. आणि जरा थांबून, "आजोबा, उद्या बोलाल?"

"बोलेन. आता मला कुणाकडे पाहून मान खाली घालायची नाही."

त्यांनी पावती टेबलावर ठेवली, सुलटी केली, तळव्याने सरळ केली. सावकाश, एकेक अक्षर नीट वळवत, विटलेल्या ओळीखाली त्यांनी लिहिले: *पोचली. देणे पुरे.* सही केली. वार घालताना त्यांनी भिंतीकडे पाहिले, खात्री केलेली बरी म्हणून.

शनिवारच होता.